फोन-कॉम्प्युटर सिंक करताय? या चुका टाळा

बडोद्याच्या मराठी घरांत फोनमधली नावं तीन लिप्यांत सापडतात. प्लंबर गुजरातीत, मावशी मराठीत, बँकवाले इंग्रजीत. अशी यादी कॉम्प्युटरवर आणताना सगळ्यात मोठा घोळ घालतं ते एक्सेल.

होतं असं की गूगल कॉन्टॅक्ट्समधून सीएसव्ही फाइल (तक्त्याच्या रूपातली यादी) उतरवली, डबल क्लिक करून उघडली, चार नावं नीट केली, सेव्ह करून परत चढवली. पण एक्सेल फोन नंबरलाही साधी रक्कम समजतं. बडोद्याचा 0265 हा कोड लावून सलग लिहिलेल्या लँडलाइनचं पुढचं शून्य गळतं, दहा आकडे उरतात आणि दांडिया बाजारातल्या काकांच्या घरचा नंबर मोबाइलसारखा दिसायला लागतो. +91 चिकटवून लिहिलेल्या नंबरचं 9.19E+11 होतं; तसंच सेव्ह केलंत तर मूळ नंबर गेलाच. मराठी-गुजराती नावांच्या जागी बरेचदा भलतीच चिन्हं उमटतात, ती वेगळीच. म्हणून दुरुस्ती ब्राउझरमध्ये, थेट गूगल कॉन्टॅक्ट्समध्येच करा. फाइल हवीच असेल तर व्हीकार्ड (खास कॉन्टॅक्ट्ससाठीची .vcf फाइल) घ्या आणि ती एक्सेलला दाखवूही नका.

नवा नंबर कॉम्प्युटरवर दिसतच नाही? बहुतेक वेळा तो सिमवर किंवा नुसत्या फोनवर सेव्ह झालेला असतो. कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट म्हणून गूगल अकाउंट निवडा. जुने नंबरही तिथे हलवावे लागतील, ते आपोआप जात नाहीत. बॅटरी सेव्हर चालू असेल तरी सिंक रखडतं, तेही बघून घ्या.

सिंकला बॅकअप समजणं ही चूक महागात पडते. कॉम्प्युटरवर ‘फालतू’ म्हणून उडवलेलं नाव फोनमधूनही उडतं. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये यादी मागच्या 30 दिवसांतल्या एखाद्या स्थितीला परत नेता येते, पण त्यासाठी 30 दिवसांच्या आत लक्षात यायला हवं! डुप्लिकेट नावं एकत्र करण्याआधी व्हीकार्डची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवलेली बरी.

कॅलेंडरचं दुखणं वेगळं. कुणी पाठवलेली आयसीएस फाइल (कॅलेंडरमधल्या कार्यक्रमांची फाइल) इम्पोर्ट केली की त्या क्षणाची नक्कल येते. पुढे पाठवणाऱ्याने वेळ बदलली तरी तुमच्याकडे जुनीच राहते. मंडळाचे गणपतीतले कार्यक्रम सगळ्यांना ताजे दिसायला हवेत, तर कॅलेंडर शेअर करायला सांगा. वाढदिवस रात्री बारा ते बारा असा टाकू नका, ‘ऑल डे’ निवडा. नाहीतर अमेरिकेतल्या मुलाच्या फोनवर तो आदल्या दिवशीच सुरू होतो. आणि आजोबांच्या श्राद्धाला ‘दरवर्षी’ लावू नका. कॅलेंडर इंग्रजी तारीख धरून चालतं, तिथी दरवर्षी पंचांगात बघूनच टाकावी लागते.