मुकं अक्षर शोधायचं कुठे?

इंग्रजी स्पेलिंगमधलं न ऐकू येणारं अक्षर हमखास विसरतं. अशा वेळी त्याच मुळापासून आलेला दुसरा शब्द मोठ्यानं म्हणा. तिथे ते अक्षर बहुतेकदा बोलतं.

'साइन'मधला जी ऐकू येत नाही, पण 'सिग्नल' आणि 'सिग्नेचर'मध्ये तो स्वच्छ वाजतो. 'मसल'मधला सी 'मस्क्युलर'मध्ये सापडतो, 'ऑटम'च्या शेवटचा एन 'ऑटम्नल'मध्ये. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला बी तर 'डेबिट'मध्ये समोरच उभा आहे.

मला जास्त उपयोग होतो तो स्वरांसाठी. 'ग्रामर'च्या शेवटी ए की ई? 'ग्रमॅटिकल' म्हणा, जोर पडताच ए कळतो. 'डेफिनिट'मध्ये आयच्या जागी ए लिहिणारे पुष्कळ. 'डेफिनिशन' आठवलं की चूक होत नाही.

सोबतीचा शब्द सुचत नसेल तर मूळ शब्दाला 'अल', 'इक' किंवा 'शन' जोडून पाहा. वहीतही असे शब्द जोडीनंच लिहा.

एक मात्र सांभाळा: काही जोड्यांत स्पेलिंगच बदलतं. 'प्रनाउन्स'मध्ये ओ-यू आहे, 'प्रनन्सिएशन'मध्ये त्या जागी नुसता यू. शंका आली की शब्दकोश उघडा.