जिल्हा कौशल्य आराखडा करताय? या चुका टाळा

गेल्या वर्षीची फाइल उघडायची, वर्ष बदलायचं, उद्दिष्टाच्या रकान्यात दहा टक्के वाढवायचे आणि बैठकीच्या आदल्या रात्री प्रिंट काढायची. जिल्ह्यात कुणाला कोणतं कामाचं प्रशिक्षण द्यायचं हे ठरवणारा जिल्हा कौशल्य विकास आराखडा असाही तयार होतो, हे या कामाच्या आसपास वावरलेल्यांना नव्यानं सांगायला नको. माझ्या हाती आलेल्या एका आराखड्यात तर शेजारच्या जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांची नावं तशीच राहिली होती. बैठकीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते पान कुणी उघडलंच नव्हतं.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या कौशल्य समितीत बसणारे, कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात काम करणारे आणि प्रशिक्षण संस्था चालवणारे, या तिघांना पुढचं उपयोगी पडावं. केंद्र सरकारच्या 'संकल्प' या कौशल्य कार्यक्रमानं २०१८ पासून जिल्हा आराखड्यांवर भर दिला, त्यासाठी पुरस्कारही ठेवले. २०२२ मध्ये देशातल्या पहिल्या तीन जिल्ह्यांत गुजरातमधल्या राजकोट आणि आसाममधल्या काचारबरोबर आपला साताराही होता. म्हणजे चांगला आराखडा इथल्याच यंत्रणेकडून, इथल्याच माणसांकडून होऊ शकतो. बिघडतं ते बहुतेक ठिकाणी एकाच कारणानं: आराखडा उलट्या टोकानं लिहिला जातो. आधी निधी, मग उद्दिष्ट, मग संस्था, मग कोर्स, मग मुलं शोधायची. नोकरीचं नंतर बघू.

उद्दिष्ट वरून आलं म्हणून तेच खरं मानणं

२००९ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणानं २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना प्रशिक्षण देण्याचा आकडा ठेवला होता. तो राज्यांत वाटला गेला, राज्यांनी जिल्ह्यांत वाटला. २०१६ साली केंद्रानं नेमलेल्या शारदा प्रसाद समितीनं ही उद्दिष्टं फारच महत्त्वाकांक्षी असल्याचं नोंदवलं. तोवर कितीतरी जिल्ह्यांत 'भौतिक उद्दिष्ट साध्य' असा शेरा पडून गेला होता.

वरून येणारा आकडा तुम्हाला बदलता येणार नाही, हे मान्य. पण आराखड्यात त्याच्या शेजारी दुसरा आकडा लिहायला कुणाची मनाई नाही: जिल्ह्यात गेल्या वर्षभरात खरोखर किती जागा भरल्या गेल्या, कोणत्या कामाच्या, किती पगारावर. हा आकडा कुठून आणायचा, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी सल्लागार संस्थेकडून सर्वेक्षण करून घ्यायचा प्रस्ताव निघतो. गंमत अशी, की आराखडा ज्या कार्यालयात तयार होतो त्याच कार्यालयाकडे वर्षानुवर्षं ईआर-१ विवरणपत्रं येत आली आहेत. रिक्त पदं कळवणं सक्तीचं करणाऱ्या १९५९ च्या कायद्यानं २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही दर तिमाहीला मनुष्यबळाची माहिती देणं भाग पाडलं होतं. सगळे देत नाहीत, आणि देतात त्यातलेही काही जण जुनाच कागद पुन्हा पाठवतात. तरी दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं शेजारी ठेवली की कुठं माणसं वाढताहेत आणि कुठं कमी होताहेत, हे घरबसल्या दिसतं.

त्यानंतर माणसांना भेटायचं. इथे एक नेहमीची गफलत होते. आपण एचआरला विचारतो, "तुम्हाला किती मुलं लागतील?" तो म्हणतो, "पन्नास द्या." त्याच्या खिशातून काही जात नसतं. त्याऐवजी विचारा: गेल्या सहा महिन्यांत नेमकी किती माणसं घेतली? हातात किती पगार पडतो? त्यातली किती सोडून गेली, आणि का? ही उत्तरं एमआयडीसीतल्या सुपरवायझरकडे आणि मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे जास्त खरी मिळतात. ठेकेदाराला समितीच्या बैठकीला कुणी बोलवत नाही. बोलवायला हवं.

जो कोर्स स्वस्त, तोच सगळीकडे

लक्षण ओळखायला सोपं आहे. आराखड्यातले जॉब रोल, म्हणजे ज्या कामांचं प्रशिक्षण द्यायचं ती कामं, वाचा. डेटा एंट्री ऑपरेटर, शिवणकाम, ब्युटी थेरपिस्टची असिस्टंट, रिटेल सेल्स असोसिएट. जिल्हा कापसाचा असो, खाणींचा असो की पर्यटनाचा, यादी तीच.

कारण हिशेबात आहे. प्रशिक्षणाचा खर्च किती द्यायचा हे ठरवणाऱ्या केंद्राच्या सामायिक खर्च निकषांनुसार कोर्सच्या तीन श्रेणी होतात आणि प्रत्येक प्रशिक्षणार्थीमागे तासाला ठरलेला दर मिळतो. २०१५ मध्ये हे दर पहिल्यांदा ठरले तेव्हा सर्वांत वरच्या श्रेणीला ३८ रुपये ५० पैसे आणि सर्वांत खालच्या श्रेणीला २७ रुपये ५० पैसे होते. पुढे दर वाढले, पण गोष्ट तीच राहिली. तासाला ११ रुपयांच्या फरकात वेल्डिंगच्या इलेक्ट्रोड, कापायचं लोखंड, विजेचं बिल आणि हातानं काम येणारा शिक्षक, एवढं सगळं बसवायचं. दुसरीकडे दहा संगणक आणि एक खोली. संस्था कशाकडे वळेल?

संस्थेला दोष देऊन काही होत नाही. जिल्ह्याला करता येण्यासारखं एक काम आहे: महागडी यंत्रं आधीच जिथे आहेत तिथे बॅच न्या. शासकीय आयटीआयच्या कार्यशाळा संध्याकाळी बहुधा बंदच असतात. लेथ आणि वेल्डिंगचे बूथ तिथे पडून असतात, आणि दोन किलोमीटरवर एखादी संस्था 'यंत्रसामग्रीअभावी' संगणकाचा कोर्स चालवत असते. प्राचार्यांना वापराचं भाडं, देखभाल आणि चाव्या कुणाकडे राहतील एवढं लेखी मिळालं की बरेच जण तयार होतात. अडचण बहुतेक वेळा चाव्यांचीच असते.

प्रमाणपत्र हाच शेवट

बॅचमधली जवळजवळ सगळी मुलं पास, प्रमाणपत्र वाटपाचे फोटो झकास, आणि तीन महिन्यांनी नोकरीवर मोजकी. असं दिसलं तर संस्थेला पैसे कधी मिळतात ते सांगणारं हप्त्यांचं कोष्टक आधी उघडा.

२०१५ च्या त्याच खर्च निकषांत संस्थेला ३० टक्के रक्कम बॅच सुरू झाल्यावर, ५० टक्के प्रमाणपत्रानंतर आणि उरलेली २० टक्के प्लेसमेंटवर अशी वाटणी होती. प्रमाणित झालेल्यांपैकी ७० टक्के कामाला लागले तर शेवटचा हप्ता पूर्ण, ५० टक्क्यांच्या खाली तर शून्य. कागदावर हे कडक वाटतं. संस्थेच्या नजरेनं बघा: ८० टक्के पैसे प्रमाणपत्रापर्यंत हाती येतात आणि शेवटच्या २० टक्क्यांसाठी तीन महिने मुलांच्या मागे धावायचं. अनेक जण तो हप्ता सोडून देतात आणि पुढची बॅच घेतात.

मग सगळी रक्कमच प्लेसमेंटवर ठेवावी का? मला ते पटत नाही. तसं केलं की जी मुलं कशीही कामाला लागली असती तीच निवडली जातात, आणि ज्यांच्यासाठी योजना आहे ती दारातूनच परत जातात. शिवाय लहान संस्था रोख पैशाअभावी बुडते आणि मैदान मोठ्या खेळाडूंना मोकळं होतं. हप्ते ठरवणं राज्याच्या हातात असतं, जिल्ह्याच्या नाही. पण तपासायचं काय, हे जिल्ह्याला ठरवता येतं. नियुक्तिपत्र हा पुरावा धरू नका, ते कुणीही टाइप करतं. बँक खात्यात पगार जमा झाल्याची नोंद किंवा भविष्य निर्वाह निधीची नोंद मागा.

माहिती भरली म्हणजे माहिती मिळाली, असं समजणं

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांची तपासणी केली. सुमारे ९६ लाख प्रशिक्षणार्थींच्या नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून अधिक नोंदींत बँक खात्याचा रकाना रिकामा होता किंवा त्यात शून्यासारखं काहीतरी भरलेलं होतं. उरलेल्यांतही एकच खातं अनेकांच्या नावावर दिसलं.

हे पकडायला ऑडिटर लागत नाही. योजनेच्या पोर्टलवरून बॅचची यादी एक्सेलमध्ये घ्या आणि आधी खाते क्रमांकानं, मग मोबाइल क्रमांकानं, मग पत्त्यानं क्रमवारी लावा. एकाच मोबाइलवर अकरा मुलं दिसली तर तो बहुधा मोबिलायझेशन करणाऱ्या, म्हणजे बॅचसाठी मुलं गोळा करणाऱ्या, माणसाचा नंबर असतो. कधीकधी यात लबाडी नसते. गावातल्या मुलींकडे स्वतःचा फोन नसतो आणि घरातला एकच नंबर तीन बहिणींना दिला जातो. फोन लावा म्हणजे कळेल. पण दुसरा हप्ता सुटण्याआधी लावा.

मार्चअखेरचं कॅलेंडर

जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून किमान कौशल्य विकास कार्यक्रम चालतो तेव्हा हा घोळ सर्वांत ठळक दिसतो. प्रशासकीय मान्यता, संस्थांची निवड, मध्येच एखादी आचारसंहिता. बॅच सुरू व्हायला जानेवारी उजाडतो आणि ३१ मार्चच्या आत देयकं लावायची असतात. मग ३०० तासांचा कोर्स कागदावर रोज आठ तास चालतो.

त्याच वेळी मुलं कुठे असतात? बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमाराला कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गेलेली असतात. इतर ठिकाणी बारावीची परीक्षा तोंडावर असते. "मुलं मिळत नाहीत" अशी तक्रार बैठकीत होते, पण मुलं कुठे गेलीत ते साऱ्या गावाला माहीत असतं. आराखड्यात तालुकावार एकच पान घाला: पेरणी, कापणी, स्थलांतर, परीक्षा, आयटीआयचे प्रवेश. त्यावर बॅचच्या तारखा बसवा आणि मान्यतेचे कागद त्या हिशेबानं मागे मोजत या. शेवटच्या एसटीची वेळही त्याच पानावर हवी. ती चुकत असेल तर मुली पहिल्या आठवड्यातच गळतात, आणि अहवालात त्याचं कारण 'अनास्था' असं लिहिलं जातं.

विद्यावेतनालाच रोजगार म्हणणं

२०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना, सहा महिन्यांसाठी होते. नंतर मुदत ११ महिन्यांपर्यंत वाढली. कामाचा अनुभव मिळणं वाईट नाही. पण अनेक प्रशिक्षणार्थी सरकारी कार्यालयांतच बसवले गेले, तिथे कायम जागा निघणार नव्हती, आणि मुदत संपल्यावर कायम करा अशी मागणी होणं स्वाभाविकच होतं. आराखड्यात असा प्रशिक्षणार्थी 'रोजगार मिळालेल्यां'त मोजू नका. त्याच्यासाठी वेगळा रकाना ठेवा आणि बाराव्या महिन्यात तो कुठे आहे ते लिहा.

उलट शिकण्याच्या ज्या जागा खुद्द उद्योगांतच असतात, त्या सुटून जातात. ३० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्क्यांपर्यंत. कौशल्य आराखड्यात या जागांचा उल्लेखही नसतो, कारण ती फाइल दुसऱ्या टेबलावर असते.

नोकरी लागली, फाइल बंद

ग्रामीण मुलांसाठीच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत एक शहाणपणाची तरतूद होती: नोकरी लागल्यावर महिन्याला १,००० रुपयांची मदत, जिल्ह्यात असेल तर दोन महिने, राज्यात तीन, राज्याबाहेर सहा. मुलगा काम सोडतो तो बहुधा पहिल्या दोन महिन्यांत, आणि काम जमत नाही म्हणून क्वचितच. खोलीचं भाडं, अनामत आणि पहिला पगार हाती येईपर्यंतचं जेवण यात तो अडतो. जिल्ह्याच्या योजनेत ही रक्कम बसत नसेल तर निदान कंपनीकडून पहिल्या पंधरवड्याला उचल मिळते का, हे करारात विचारून घ्या.

मागोवा घ्यायचा तर प्रवेश अर्जातच दोन नंबर घ्या. प्रशिक्षणार्थी पुण्याला गेला की ऑफर बघून सिम बदलतो, त्यामुळे दुसरा नंबर गावातल्या घरच्या माणसाचा हवा, आणि त्या माणसाला आधीच सांगून ठेवायला हवं की तीन आणि सहा महिन्यांनी आमचा फोन येईल.