खूप आधार लागणाऱ्या मुलांना मोठेपणासाठी तयार करताना

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता अशा कारणांनी रोजच्या कामांतही मदत लागणारं मूल तेरा-चौदा वर्षांचं झालं की तयारीला लागा. विशेष शाळा बहुधा अठराच्या आसपास सुटते आणि एखादं साधं काम पक्कं बसायला या मुलांना कधी कधी वर्षही लागतं. अक्षरं-अंक मागे राहिले तरी चालतील. आईचा हात रोज जिथे लागतो, ती कामं आधी घ्या. पहिलं संडासचं.

कामाचे तुकडे करा: पँट गुडघ्यापर्यंत खाली, बसणं, जेटने धुणं, पुसणं, पँट वर, फ्लश, साबणाने हात. पँट इलॅस्टिकची घ्या, नाडी-बटण नको. प्रत्येक तुकडा शेवटाकडून शिकवायचा. पँट तुम्ही वर आणा आणि कमरेखाली चार बोटं असताना सोडा. उरलेली त्याने ओढायची. शाबासकी तिथल्या तिथे. सलग तीन दिवस पाचपैकी चार वेळा जमलं की मांडीपासून सुरू करा, मग गुडघ्यापासून. काम दर वेळी त्याच्या हातानेच पुरं होतं, ही या पद्धतीची खरी ताकद.

बिघडतं ते बहुधा आपल्या बोलण्याने. ‘ओढ, वर ओढ’ म्हणत राहिलं की मूल त्या ‘ओढ’ची वाट बघत उभं राहतं, आणि ती सवय नंतर सुटता सुटत नाही. त्यापेक्षा मागे उभं राहून त्याचा हात धरा; पुढे मनगट, मग कोपर, मग नुसता खांद्याला स्पर्श. एकदा सांगितलं की मनात पाच मोजा, लगेच दुसऱ्यांदा सांगू नका. घाईत आजीने किंवा ताईने सगळं उरकून टाकलं तर बसलेली घडी मोडते, म्हणून घरात सगळ्यांची पद्धत एकच हवी. वन-रूम-किचनमध्ये कपडे बदलायला जागा नसेल तर कोपऱ्यात पडदा लावा. चारचौघांत कपडे काढायचे नाहीत हे सवयीनेच बसतं, आणि त्यावर त्याची सुरक्षितताही अवलंबून आहे.

मुलींना पाळी यायच्या आधीपासून पॅड लावून बसायची सवय करा. निकरवर पॅडच्या आकाराची रेघ मारून ठेवा. ओलं वाटलं म्हणून ती सांगेल, या भरवशावर राहू नका. दर चार तासांनी, घड्याळ बघून बदला.

‘नको’, ‘थांब’ आणि ‘दुखतंय’ हे तीन शब्द, खुणा किंवा चित्रं हवीतच. बऱ्याच मुलांकडे फक्त खाऊ मागायची कार्डं असतात; मग नकार चावण्यातून, ढकलण्यातून येतो. मुद्दाम नावडती भाजी पुढे करा, ‘नको’ची खूण झाली की ताट लगेच मागे घ्या. दात घासण्यासारखं टाळता न येणारं काम असेल तिथे ‘थांब’ला मान द्या: दहा आकडे थांबून पुन्हा सुरू.

आठवड्यातून तासभर काका, मावशी किंवा शेजारच्या काकूंकडे सोपवा. सोबत एक पान द्या: औषधं आणि वेळा, काय खातो, फिट आली तर काय करायचं, कशाने शांत होतो.

लोकलचा सराव दुपारी, ठाणे ते ऐरोली एवढाच, दिव्यांग डब्यातून. गर्दी आणि आवाज सोसला तरच वाशीपर्यंत वाढवा. वाशीत नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे. पुढच्या प्रशिक्षणाची चौकशी तिथे वेळेत करून ठेवा.

कागदपत्रांत वयाकडे लक्ष ठेवा. पंधराव्या वर्षी आधारचे ठसे अद्ययावत करायचे असतात. बौद्धिक अक्षमतेचा लहानपणीचा दाखला अठराव्या वर्षी नव्याने घ्यावा लागतो. अठरा पूर्ण झाली की कायद्याने मूल सज्ञान, त्यामुळे बँकेत आई-वडिलांची सही आपोआप चालत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे करता येतो. इथे नवी मुंबईकरांची गल्लत होते: ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. तिथल्यांचा अर्ज अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो.