राजगड एका दिवसात: घड्याळ लावून पाहायचा किल्ला

राजगडाला तीन माच्या, म्हणजे डोंगरसोंडांवरचे तटबंदीचे सपाट भाग, आणि सगळ्यात उंचावर एक बालेकिल्ला. पुण्याहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला हे चारही नीट पाहता येत नाहीत. चारही उरकायला गेलं की उतरताना अंधार गाठतो आणि गुडघे बोलू लागतात. म्हणून घरातूनच ठरवून निघावं: पद्मावती माची आणि बालेकिल्ला नक्की, त्यानंतर सुवेळा किंवा संजीवनी यांपैकी एकच.

स्वारगेटहून पहाटे पाचला निघा. सातारा रस्त्याने नसरापूर फाटा, मग मार्गासनी, साखर आणि पायथ्याचं गुंजवणे. साधारण साठ किलोमीटर, पावणेदोन ते दोन तास. एसटीने जायचं तर वेल्ह्याची गाडी मार्गासनीला सोडते, पुढे वडापची जीप मिळेल तशी. परतीची गाडी कधी आहे ते उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा.

चढायच्या नेहमीच्या वाटा दोन. पाली गावाकडची वाट रुंद, पायऱ्यांची आणि लहान मुलं, वडीलधारी सोबत असतील तर तीच. गुंजवण्याची चोर दरवाजाची वाट जास्त चढाची: आधी झाडीतली सोंड, मग उघडी धार आणि शेवटी रेलिंग लावलेला कातळटप्पा. अडीच तास धरा. चोर दरवाजा नावाप्रमाणेच लहान आहे, वाकून जावं लागतं. पाठीवर उंच सॅक किंवा बाहेर लटकवलेली चटई असेल तर ती इथे अडकते आणि मागची सगळी रांग कातळावर खोळंबते, म्हणून सामान आधीच आत कोंबून घ्या. आत शिरलात की थोड्याच पायऱ्यांवर पद्मावती तलाव. एका वाटेने चढून दुसऱ्या वाटेने उतरायचा मोह होतो, पण गाडी गुंजवण्यात आणि आपण पालीत अशी गत होते. स्वतःची गाडी असेल तर आलेल्या वाटेनेच उतरा.

माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्या. पद्मावती मंदिराजवळच्या टाक्यांत पाणी असतं, पण मार्चनंतर त्या भरवशावर राहू नये. गडावर गावकरी झुणका-भाकरी आणि ताक देतात, ते जरूर घ्यावं. त्यासाठी सुटे पैसे जवळ असू द्या, मोबाइलची रेंज गडावर येते-जाते.

सदरेपुढे, म्हणजे गडावरच्या जुन्या कचेरीपुढे, वाट फुटते. डावीकडे सुवेळा, उजवीकडे संजीवनी, समोर बालेकिल्ला. बालेकिल्ला आधी करा. रविवारी अकरानंतर तिथल्या उभ्या चढावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात, रेलिंग एकच, आणि अपघाताची भीती तिथेच जास्त. कातळात खोदलेल्या खोबणीत पाय पूर्ण रोवून, एका वेळी एकच हात सुटा ठेवून चढायचं. उतरताना तोंड कातळाकडे. ढग गडगडू लागले, विशेषतः मे आणि ऑक्टोबरातल्या दुपारी, तर वर जाऊच नका: उंच माथा आणि लोखंडी रेलिंग, वीज पडायला याहून सोयीची जागा नाही. आधीच वर असाल तर ढग दाटू लागताच, गडगडाटाची वाट न पाहता खाली या.

महाराष्ट्रात मोठे किल्ले कमी नाहीत, पण २४ फेब्रुवारी १६७० ला राजाराम महाराजांचा जन्म झाला तो या गडावर, आणि ५ सप्टेंबर १६५९ ला सईबाईंनी डोळे मिटले तेही इथेच. शिवाजी महाराजांची राजधानी रायगडाला जाण्यापूर्वी दीर्घकाळ इथे होती. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत हा आहे. बालेकिल्ल्याच्या महादरवाजात थोडं थांबलात तर ती वर्षं डोळ्यांपुढे येतात. घाईत पुढे जाऊ नये.

आता निवड. सुवेळा माचीवर खडकाला आरपार पडलेलं नेढं आहे. बालेकिल्ल्याच्या पायथ्यापासून जाऊन-येऊन दीड तास. या भागात आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ, सिगारेट, शेकोटी, आरडाओरडा, ड्रोन हे सगळं टाळा. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड-मान कापडाने झाकून, कड्याची बाजू सोडून, आलेल्या वाटेने दूर व्हायचं. तटबंदीचं बांधकाम आवडत असेल तर मात्र संजीवनीच. अडीच किलोमीटर लांबीची ही माची, तिथले चिलखती (एकाबाहेर एक असे दुहेरी) बुरूज आणि दुहेरी तटामधली बोळ पाहायला अडीच-तीन तास लागतात. धुकं दाटलं असेल तर तिकडे वळू नका, कडा कुठे संपतो ते कळत नाही.

कुठेही असा, दोन वाजता परत फिरायचं. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. जुलै-ऑगस्टमध्ये चोर दरवाजाचा कातळ शेवाळतो, त्या दिवसांत पालीच बरी. सप्टेंबरअखेर सोनकी आणि तेरड्याने माच्या भरतात. मळलेली पायवाट सोडून फुलांत शिरू नका, गवतात फुरसं हा विषारी साप असतो आणि तुडवलेली जागा पुढच्या पावसात वाहून जाते.

बूट खोल खाचांचे, पायाची नखं कापलेली. पायाच्या बोटांची नखं वाढलेली असली की उतारावर ती बुटाच्या टोकाला आपटून काळी पडतात. उतरण्यापूर्वी नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा, पाय पुढे सरकणार नाही.