मुसळधार पावसाचा इशारा आला की नागपुरात आधी मोरी बंद करा

हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला आणि घर नाग नदी, पिवळी नदी किंवा नाल्याच्या काठी असलं, तर दारापेक्षा आधी मोरी सांभाळा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा लोक झोपेत होते. म्हणून तयारी रात्री निजण्यापूर्वीच व्हायला हवी.

गटार तुंबलं की पाणी उलटं फिरतं आणि तळमजल्याच्या नहाणीतून, संडासाच्या भांड्यातून वर येतं. दाराला कितीही पोती लावा, घर आतूनच भरतं! जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून तोंड घट्ट बांधा, ती मोरीच्या जाळीवर आणि भांड्यात दाबून बसवा. दारासाठीची पोती अर्धीच भरा. गच्च भरलेलं पोतं गोल राहतं आणि फटीतून पाणी शिरतं.

पाणी उंबरठ्याशी येताच मेन स्विच पाडा, पण हात-पाय कोरडे असतील तरच. इन्व्हर्टर वेगळा बंद करा. मेन पाडल्यावरही तो घरात वीज सोडत राहतो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

बुडालेली गाडी सुरू करून पाहू नका. इंजिनात पाणी असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर ती पूर्ण उपसा, घासा. नव्या पाण्यात हजार लिटरमागे 5 ग्रॅम टीसीएल पावडरची (ब्लीचिंग पावडरची) निवळी, म्हणजे पावडर पाण्यात कालवून गाळ बसल्यावर वर राहणारं पाणी, घालून अर्धा तास थांबा. अडकलात तर 112 वर फोन करा.