शहापूर, मुरबाडकडे गावठी कोंबड्या पाळताय? बर्ड फ्लूसाठी एवढं कराच

२०२२ च्या फेब्रुवारीत शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता, म्हणजे हे लांबचं प्रकरण नाही. आणि हा व्हायरस सारखा बदलतो, त्याचे जीन्स आठ तुकड्यांत असतात, एकाच पक्ष्यात दोन वेगळे व्हायरस घुसले की तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच तयार होतो. एच५ आणि एच७ जातीचे सौम्य व्हायरस तर कोंबड्यांमध्ये फिरता फिरताच जीवघेणे होऊ शकतात.

म्हणून सगळ्यात आधी बदकं आणि कोंबड्या वेगळ्या ठेवा प्लीज, कारण बदक बरेचदा आजारी दिसतच नाही पण विष्ठेतून व्हायरस सोडत राहतं. तळ्याचं पाणी पाजू नका, खुराड्याला जाळी मारा, खाद्य झाकून ठेवा म्हणजे बाहेरचे पक्षी येणार नाहीत. खुराड्यात जायची चप्पल वेगळी ठेवा, हे लोक हमखास टाळतात पण विष्ठा चपलेला, टायरला, अंड्यांच्या ट्रेला लागूनच पसरते! बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा, आणि विकायला नेलेली परत आली तरी तेच.

तुरा निळा पडला, डोकं सुजलं किंवा पटापट मरायला लागल्या तर कापू नका, विकू नका, खाडीत तर अजिबात फेकू नका, हात न लावता लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. लपवलंत तर शेजाऱ्याच्याही जातील.