इंग्रजी कविता शिकवायची तर आधी लेझीम काढा

पहिली सात-आठ वर्षं माझा कवितेचा तास म्हणजे फळ्याच्या डाव्या बाजूला कठीण शब्द आणि उजव्या बाजूला अर्थ. 'वॉन्डर्ड' म्हणजे भटकलो, 'लोनली' म्हणजे एकटा, घ्या लिहून. घंटा होईपर्यंत कविता मेलेली असायची आणि पोरांच्या वहीत तिचा पंचनामा.

सातारा तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलवर मी इंग्रजी शिकवते. यंदा नव्यानं रुजू झालेल्या एका सरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "मॅडम, कविता घ्यायची कशी?" त्यांना चहा पिता पिता सांगितलं तेच इथं लिहिते. उदाहरण एकच घेते, इंग्रज कवी वर्डस्वर्थची डॅफोडिल्स या पिवळ्या फुलांवरची कविता. पुस्तकात असो-नसो, नववीला मी ती घेतेच.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडू देऊ नका. अर्थ सांगू नका. नुसतं मोठ्यानं वाचा, दोनदा. मग क्रीडाशिक्षकांकडून चार लेझीम मागून आणा. आपल्या पोरांना लेझीम शिकवावी लागत नाही, गणपतीच्या मिरवणुकीत ती अंगातच आलेली असते. जोराच्या ठोक्याला लेझीम वाजवायची: आय 'वॉन'डर्ड 'लोन'ली 'ॲज' अ 'क्लाउड'. ओळीत आठ अक्षरं, चार ठोके. इथं कुणीतरी हटकून विचारतं, "मॅडम, 'ॲज'वर जोर कशाला? तो काय महत्त्वाचा शब्द हाय?" शंका बरोबर आहे. सांगायचं, चालीत तिथं ठोका पडतो, पण बोलताना माणूस तो हलका मारतो. चाल आणि बोलणं यांची ही ओढाताण असते म्हणून तर कविता पाढ्यासारखी वाजत नाही.

मराठीच्या तासाला याच पोरांनी लघु-गुरू लावून वृत्तं सोडवलेली असतात. तिथं अक्षर लांब की आखूड ते पाहायचं, इथं जोर कुठं पडतो ते. एवढा फरक एकदा सांगितला की पुरे.

खरी गंमत सहाव्या ओळीत आहे. 'फ्लटरिंग अँड डान्सिंग इन द ब्रीझ'. इथं लेझीम चुकते, दरवर्षी चुकते. पाच ओळी हलका-जोराचा, हलका-जोराचा अशा आलेल्या असतात आणि ही एकदम जोरानंच सुरू होते. पोरं एकमेकांवर ढकलतात, "तू चुकलास." मी म्हणते, कुणी चुकलं नाही, परत म्हणा. तिसऱ्या वेळेला एखादं पोरगं बोलतं, "फुलं हललीत तिथंच चाल हलतीय." हे वाक्य तुम्ही आधी सांगून टाकलंत तर तास वाया गेला समजा.

यमकासाठी एक युक्ती. ओळींचे शेवटचे शब्द देवनागरीत लिहायला लावा: क्लाउड, हिल्स, क्राउड, डॅफोडिल्स, ट्रीझ, ब्रीझ. स्पेलिंगमुळे डोळा फसतो, देवनागरीत फसत नाही. ए-बी-ए-बी-सी-सी ही यमकाची रचना आपोआप सापडते. तिसऱ्या कडव्यात 'गे' शब्द येतो आणि मागच्या बाकावर खुसखूस होते. जुना अर्थ आनंदी, एवढं सरळ सांगून पुढं जा. दटावलंत तर आठवडाभर तेच चालेल.

अलंकारांसाठी मराठीच्या बाईंशी बोलून घ्या. त्यांनी उपमा, चेतनागुणोक्ती, अतिशयोक्ती, अनुप्रास सगळं शिकवलेलं असतं आणि आपण तेच सिमिली, पर्सोनिफिकेशन म्हणून नव्यानं घोकायला लावतो. 'लाइक' किंवा 'ॲज' म्हणजे सम, समान, परी. फुलं डोकी हलवून नाचतात ती चेतनागुणोक्ती. दहावीच्या ॲप्रिसिएशनचे, म्हणजे कवितेच्या रसग्रहणाचे, पाच मार्क यातच निघतात, त्याची वेगळी तयारी मी शेवटच्या महिन्यात दोन तास घेते, बास.

अर्थाकडे यायचं ते प्रश्नातून. "ढग एकटा कधी असतो?" यवतेश्वरच्या डोंगरावर पावसाळ्यात ढग नुसते चेंगरलेले असतात. एक जण म्हणाला, "आपल्याकडं ढग एकटा नसतोय की मॅडम, झालाच तर मार्चात." झालं, त्या पोराला 'लोनली' कळलं.

आता कवीचं गुपित फोडा. 15 एप्रिल 1802 रोजी अल्सवॉटर तळ्याच्या काठी त्यानं ती फुलं पाहिली तेव्हा बहीण डोरोथी सोबत होती. तिनं रोजनिशीत लिहून ठेवलंय की काही फुलं दमून दगडांवर उशीसारखी मान टेकून होती. भावानं कविता लिहिली 1804 मध्ये, दोन वर्षांनी. वर्ग पेटतो. "मग एकटा कुठं होता? खोटं बोलला!" मुली बहिणीच्या बाजूनं, मुलं भावाच्या. हे भांडण मिटवू नका. त्यात भर म्हणून सांगा, शेवटच्या कडव्यातल्या 'इनवर्ड आय'च्या, म्हणजे मनाच्या डोळ्याच्या, दोन ओळी त्याच्या बायकोनं, मेरीनं सुचवलेल्या.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन खर्डे लिहा. 1807 मध्ये छापलं तेव्हा फुलं 'डान्सिंग डॅफोडिल्स' होती, 1815 मध्ये ती 'गोल्डन' झाली. का बदललं असेल? आधीच्या खर्ड्यात त्याच कडव्यात 'डान्सिंग' दोनदा आलं होतं, हे पोरं पाच मिनिटांत शोधतात. 'लाफिंग कंपनी'चं त्यानं 'जोकंड' (आनंदी) 'कंपनी' केलं, ते मात्र वर्गाला कधीच पटत नाही. मलाही पटत नाही. कवी एकेक शब्द आठ-आठ वर्षांनी बदलतो हे दिसलं की वहीतली खाडाखोड लाजिरवाणी वाटेनाशी होते.

आता माझी फजिती. एका सप्टेंबरात वर्ग घेऊन कासला गेले. म्हटलं, सोनकीचा पिवळा गालिचा दाखवू आणि तिथंच लिहून घेऊ. धुकं असं की पाच हातांवरचं दिसेना. वर झिमझिम. तरी मी हट्टानं वह्या काढायला लावल्या. बेचाळीस वह्यांत एकच मजकूर: 'व्हेरी ब्यूटीफुल', 'नेचर इज अवर मदर'. फुलं धड कुणी पाहिलीच नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर, तयारी न करता, सहज म्हटलं: डोळे मिटा, कास आठवा, पाच वाक्यं लिहा. अडलेला शब्द मराठीत चालेल. आता वह्या वेगळ्या निघाल्या. कुणाला डबा उघडल्यावर धुक्यात मिसळलेला चटणीचा वास आठवला, कुणाला ताईचा फाटका रेनकोट. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही कविता मुळात फुलांची नाहीच, शेवटच्या कडव्यात कवी करतो तसं कोचावर पडून ती आठवण्याची आहे. तेव्हापासून सहलीच्या दिवशी मी वही नेत नाही. किमान सहा आठवडे जाऊ देते.

लिहून झालं की शेवटचं काम: प्रत्येकानं आपल्या लिखाणातला एकच शब्द बदलायचा आणि का ते सांगायचं. त्या वर्गातल्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'तेरडा वॉज पिंक. माय सॉक्स वर वेट. काका ब्लो शिट्टी. आय सी ब्यूटीफुल धुकं.' तिनं बराच वेळ पेन चावलं, मग 'ब्यूटीफुल' खोडून 'व्हाइट' केलं, तेही खोडलं आणि 'कोल्ड' लिहिलं. "का गं?" विचारलं तर म्हणाली, "दिसत कुठं होतं मॅडम, नुसतं लागत होतं."